पाणबुड्याची कावड

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. ही माहिती मी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता देत आहे. जिल्ह्याच्या चारी सीमांवर उभं राहून मी स्वतः खात्री केली आहे. भरती नाही, ओहोटी नाही, वाळूत बसून सूर्यास्त बघणारी जोडपी नाहीत. तरीही याच जिल्ह्यात पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून मी पाणबुड्याचा धंदा केला, आणि त्या धंद्यावर माझं घर चाललं. ज्यांना हा धक्का सोसणार नाही त्यांनी पान उलटून पुढच्या कवितेकडे जावं.

धंदा मी खऱ्या समुद्रावर शिकलो. बंदरात बुडालेल्या होड्या आणि साखळ्या वर काढणाऱ्या एका ठेकेदाराकडे सात वर्षं होतो. खाऱ्या पाण्याने अंगाला इतकी खाज सुटली की अठ्ठ्याऐंशी साली गावाकडे परतलो. सोबत दोन जुनी पोलादी सिलिंडरं, तोंडात धरायची नळी, तळाशी टिकून राहायला कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा आणि हवा भरायचं एक खोकणारं यंत्र. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते यंत्र बसवलं. पहिल्याच दिवशी शेजारच्या बियाणांच्या दुकानातले शेठ येऊन बघून गेले आणि म्हणाले की फुकटची हवा पैसे खर्चून डब्यात कोंबणारा माणूस त्यांनी बाजारात पहिल्यांदा पाहिला.

काम मात्र मिळत गेलं. मराठवाड्यात पाणी कमी, म्हणून पाण्यात पडलेली प्रत्येक वस्तू मोलाची. विहिरीत मोटार पडते, तलावातल्या पाइपाचं तोंड गाळाने बुजतं, बंधाऱ्याचं दार तिरपं बसतं. एकदा अंबडच्या एका वकिलांनी विहिरीत पडलेली कवळी काढायला बोलावलं. कवळी मिळाली, शिवाय हरवलेली दोन तांब्याची भांडी आणि शेजाऱ्यांचा पाटा मिळाला. पाटा वर आल्यावर दोन घरांत जे भांडण लागलं ते बघून वकीलसाहेबांनी सगळं परत आत टाकायला सांगितलं. अर्थात कवळी सोडून. ती त्यांनी तिथल्या तिथे पाण्याने खळबळून तोंडात बसवली आणि मगच भांडणात भाग घेतला.

आता बाहेरच्यांसाठी धंद्याचं मर्म सांगतो. पाण्यात उतरणं अवघड नसतं. अवघड असतं ते पाण्यापर्यंत पोचणं. समुद्रावर होडी असते. सामान होडीत, माणूस होडीत, काठावरून नुसती उडी. इकडे होडी कुठली? काठावरून चालत उतरायचं. भरलेलं सिलिंडर पंधरा-सोळा किलो, शिशाचा पट्टा आठ किलो, बाकीचा संसार वेगळा. पाण्याखालचं काम अर्ध्या तासाचं, आणि पाण्यापर्यंतचा प्रवास दिवसाचा. मी सिलिंडर एसटीच्या टपावर नेलं आहे, उसाच्या ट्रॅक्टरवर नेलं आहे. घनसावंगीच्या जीपमध्ये एका आजीने ते नातू समजून मांडीवर घेतलं आहे. एका कंडक्टरने तर त्याला सीटवर बसलेलं पाहून अर्धं तिकीट फाडलं. मी म्हणालो, याचं वय तर बघा. त्याने तळाशी कोरलेलं साल वाचलं आणि पूर्ण तिकीट फाडलं.

असाच एके दिवशी अंबडच्या स्टँडवर मी एसटीच्या टपाखाली हात पसरून उभा होतो. वरच्या हमालाने आधी सिलिंडर सोडलं आणि नंतर ‘धरा’ म्हटलं. सिलिंडर मी धरलं. खांदा मात्र सुटला. उजवा खांदा खोबणीतून निखळून पुढे आला. डॉक्टरांनी तो बसवला आणि बजावलं की यापुढे या खांद्यावर वजन घ्यायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही; एकदा निघालेला खांदा पुन्हा निघायला निमित्त शोधत असतो.

पाणबुड्याचा खांदा गेला हे कळलं तर बोलावणार कोण? म्हणून डॉक्टर सोडले तर ही गोष्ट जगात फक्त माझ्या बायकोला, सुमनला, माहीत होती. माझा हात सदऱ्याच्या बाहीत ती घालायची, भांगही तीच पाडायची. मी बंधाऱ्याच्या कामाला जाणार म्हटल्यावर कंगवा तसाच डोक्यात ठेवून ती म्हणाली, "तुमचे केस मी विंचरून राह्यले. आता तुमच्या वाटंचं बुडू बी मीच का?"

तरी मी गेलो. कारण ते काम म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य होतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. घनसावंगीकडे गोदावरीला मिळणाऱ्या एका नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे. म्हणजे दगडी खांब, आणि पावसाळा संपला की खांबांमधल्या खाचांत लोखंडी दारं बसवायची. मागे साठेल तेवढं पाणी उन्हाळ्यापर्यंत गावाचं. त्या वर्षी एक दार तळाशी तिरपं बसलं होतं आणि फटीतून रोज वीतभर पाणी चाललं होतं. गावाने राख टाकून पाहिली, भुसा टाकून पाहिला. फटीने दोन्ही खाल्लं आणि ढेकरही दिला नाही.

बंधाऱ्याच्या अभियंतासाहेबांनी मला अंबडला बोलावून घेतलं. माणूस सरळ होता, पण फार धास्तावलेला. आधीच्या वर्षी आणलेला एक पाणबुड्या काठावरच धाप लागून बसला होता. साहेब म्हणाले, मला धडधाकट माणूस पाहिजे. काही झालं तर चौकशी माझ्यावर येते. हे काम नीट झालं तर तालुक्यातल्या सगळ्या बंधाऱ्यांचं काम दरवर्षी तुमचं. मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहत तब्येत कशी आहे ते विचारलं. मी डाव्या मुठीने छाती ठोकली. उजव्या हाताने नमस्कार करायचं शिताफीने टाळलं आणि निघालो.

गावात पोचलो तर नवाच पेच. जीप बंधाऱ्यापर्यंत जात नव्हती. शेवटचा मैलभर काळ्या मातीची पायवाट, दोन्हीकडे कपाशी, आणि पुढे घसरणीचा काठ. सरपंचांनी सहज विचारलं, सामान तुम्हीच उचलता ना?

इथे मी आयुष्यातली सर्वांत मोठी थाप मारली. चेहरा शक्य तितका पवित्र करून सांगितलं की पाणबुड्याच्या शास्त्रात नियम आहे, बुडण्याआधी पाणबुड्याने स्वतः काहीही उचलायचं नसतं.

मला वाटलं होतं लोक हसतील. पण आमच्याकडे नियम म्हटला की लोक तो नुसता पाळत नाहीत, वाढवतात. सरपंचांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. एकाने पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. मी चप्पल घालायला वाकलो तर दोघे धावले. दहा मिनिटांत माझी अवस्था नवरदेवासारखी झाली होती. फक्त घोडा नव्हता. मी जरा जास्तच सुखावलो, हे कबूल करतो.

सिलिंडर कोण नेणार, यावर सगळ्यांनी एकच नाव घेतलं. दगडूमामा. साठीचे, वाळलेल्या शेंगेसारखे, गावच्या महादेवाची कावड वाहणारे. आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात. दर श्रावणात मामा खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना दोन घागरी, असे संगमावरून गंगेचं पाणी घेऊन देवळापर्यंत दुडक्या चालीने यायचे. भरलेली कावड वाटेत थांबवायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. खांदा बदलायचा तोही चालता चालता. दोन घागरींच्या जागी दोन सिलिंडरं अडकवली की काम फत्ते, असं सरपंचांचं म्हणणं.

मामांनी सिलिंडरांकडे पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई जमायचं. रिकामी कावड गंगंकडं जाती, भरली देवाकडं येती. भरली कावड उलटी न्हेली न्हाई कधी कोनी."

मी म्हणालो, "मामा, यात काही नाही. नुसती हवा आहे." तोटी किंचित उघडून त्यांच्या कानाशी धरली. फुस्स झालं.

मामांनी दुसरा कानही लावून पाहिला. मग विचार करून म्हणाले, "हवाच हाय बिलकुल. मंग रिकामीच की." त्यांनी बांबू खांद्यावर घेतला, गुडघे सरळ केले आणि जागीच थबकले. "रिकामी लई जड हाय," एवढं बोलून चालू लागले.

कार्तिकात कावड निघालेली पाहून गाव बाहेर आलं. कोणी कारण विचारलं नाही. एका म्हातारीने मामांच्या पायांवर पाणी घातलं आणि दोन्ही सिलिंडरांना हळदीकुंकू लावलं. ढोलकीवाला कुठून आला ते मला आजही माहीत नाही. मोटारसायकलवरून आलेले अभियंतासाहेब मिरवणुकीच्या मागे अडकले आणि हॉर्न वाजवून वाजवून शेवटी ढोलकीच्या तालात वाजवू लागले. मी मध्यभागी, रिकाम्या हातांनी, धर्मगुरूसारखा चालत होतो. शेजारच्या मुलखात त्या दिवशी काय अफवा गेली असेल देव जाणे.

अर्ध्या वाटेत मामांना शंका आली. न थांबता, नुसती मान वळवून त्यांनी विचारलं की ही हवा आपोआप आत आली का भरली? मी गाफीलपणे यंत्राची सगळी हकिकत अभिमानाने सांगितली: तासभर यंत्र चालवून कशी ठासून भरतो वगैरे.

मामा गंभीर झाले. "म्हंजी भरलेली हाय."

झालं. हवाच आहे म्हणून कावड रिकामी, तेव्हा ती नदीकडे नेता येते. हवा भरलेली आहे म्हणून कावड भरलेली, तेव्हा ती जमिनीला टेकवता येत नाही. या दोन्ही गोष्टी मामांच्या मनात एका बांबूच्या दोन टोकांसारख्या शांतपणे लोंबत होत्या, आणि बरोबर तोलात होत्या.

काठावर पोचलो. मामा काठावर उभे, म्हणजे उभे नाहीतच. पाय जागच्या जागी नाचवत. थांबायचं नाही ना. दोन्ही सिलिंडरं वरखाली उसळत होती आणि मामा म्हणत होते, "घ्या जल्दी." उसळणाऱ्या कावडीतून सोळा किलोचं सिलिंडर थेट पाठीवर घ्यायचं! धडधाकट माणसालाही ते जमलं नसतं. मी डावा हात पुढे केला. उजवा नुसता कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. मामांची नजर माझ्या खांद्यावर पडली. ज्या माणसाने आयुष्यभर दोन खांद्यांवर देवाचं पाणी वाहिलं, त्याला खांदा कळायला डॉक्टर लागत नाही.

नाचता नाचता ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, उजवा गेल्ता का कधी?"

मी होकारार्थी मान हलवली. साहेब वीस पावलांवर फाइल धरून उभे होते. मामांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सगळं समजले. गाव ज्याला शास्त्र समजत होतं ते काय आहे, हेही समजले. मला वाटलं आता हा माणूस बांबू फेकून निघून जाणार.

मामांनी तसं काही केलं नाही. ते कावडीसकट सरळ नदीत चालत गेले. गुडघा, मांडी, कंबर, छाती. तिथे त्यांनी कावड पाण्यावर टेकवली. भरलेली कावड टेकवायची मुभा फक्त गंगेत असते, आणि ही नदी गंगेला मिळणारी, म्हणजे गंगेच्या लेकीचं घर. तिथे चालतं, असा निर्णय त्यांनी उभ्या उभ्या दिला. "या इकडं, पाण्यातच चढवा," ते म्हणाले. "घागर पाण्यात कधी जड लागती का?"

सात वर्षं समुद्रावर काढलेला हा वीर काठावर तोंड उघडं टाकून उभा राहिला. पाण्यात सिलिंडर हलकं होतं हे मला माहीत होतं, मी चारचौघांना ते समजावून सांगायचो. पण ते पाठीवर चढवायचं काठावरच, हे हाडात मुरलं होतं. काठावर चढवायचं, सोळा किलो घेऊन घसरत पाण्यात जायचं आणि मग हलकं झालं म्हणून खूश व्हायचं, असा हा शहाणपणा. छातीभर पाण्यात मामांनी सिलिंडर माझ्या पाठीशी धरलं तेव्हा ते कोंबडीएवढं लागलं. पट्टे डाव्या हाताने आवळले. दुसरं सिलिंडर मामांनी उथळ पाण्यात वाळूवर बसवलं. पुढे कितीतरी वर्षं इतर पाणबुड्यांना मी ही ‘माझी पद्धत’ म्हणून शिकवली. मामांचं नाव एकदाही घेतलं नाही. त्याची खंत आहे. ती इथे जाहीर करून मोकळा होतो.

माझ्या कमरेला दोरी बांधली. वरचं टोक मामांकडे दिलं आणि सांगितलं, एक हिसका म्हणजे सगळं ठीक, तीन हिसके म्हणजे ओढा. मामा भिजल्या धोतराने बंधाऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसले.

गळक्या दारापाशी जाणं हा गमतीचा विषय नाही, म्हणून दोन ओळी नीट सांगतो. फटीतून सुटणारं पाणी समोर येईल ते आत ओढतं. माणूस फटीसमोर गेला तर दाराला चिकटतो आणि सुटत नाही. म्हणून बाजूने जायचं, खांबाला धरून, आणि लांबूनच फटीत अडथळा लोटायचा. गढूळ पाण्यात हात दिसत नव्हता. मी चिंधी सोडून बघितली. ती सर्रकन खाली डावीकडे गेली. फट सापडली, चार बोटं रुंद. कडबा भरून सुतळीने आवळलेली गोणपाटाची गुंडाळी मी डाव्या हाताने पुढे लोटली. फटीने ती एका घासात गिळली. दुसरी दुप्पट जाड होती, एका हाताला आवरेना. मी उजव्या हाताने सुतळी धरली.

गुंडाळी गेली. सुतळीचा वेढा मनगटात होता, तो हात घेऊन गेला. खांद्यात ओळखीचा आवाज झाला. पाण्याखाली ओरडता येत नाही. तोंडातली नळी सुटली तर संपलं. मी नळी दातांनी इतकी घट्ट धरली की तिच्यावर त्या दिवसाचे दात कायमचे उमटले आहेत. माझा हात खेचणारी ओढ हळूहळू मंद होत गेली आणि मग थांबली. गुंडाळी फटीत गच्च बसली होती. गळती बंद. डाव्या हाताने चाकू काढला, सुतळी कापली आणि दोरीला तीन हिसके दिले. मामांनी असं ओढलं की दुसरा खांदाही जातो की काय असं वाटलं.

वर आलो तेव्हा भिंतीच्या पलीकडे गाव नाचत होतं. फटीतून येणारी धार आटली होती. सरपंचांनी हार आणला होता, ढोलकी सुरू होती. लोकांनी पाण्यातच माझे पट्टे सोडले आणि मला काठावर चढवलं. माझा उजवा हात पिळून टांगलेल्या पंच्यासारखा लोंबत होता.

अभियंतासाहेब पहिल्यांदाच जवळ आले. ढोलकी थांबली. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय झालं?

मी तोंड उघडायच्या आत दगडूमामा पुढे सरसावले. अंगातून पाणी गळत होतं, चेहरा महादेवासमोर असतो तसा. "शास्त्र हाय साहेब ते," मामा म्हणाले. "बुडून आल्यावर पानबुड्यानं घटकाभर उजवा हात हलवायचा नसतो."

गावाने माना डोलावल्या. एका आजोबांनी तर सांगितलं की त्यांच्या वडलांकडून त्यांनी हे ऐकलं होतं. हार घेतलेल्या सरपंचांनी हार डाव्या बाजूने घालावा की कसं, याची चौकशी सुरू केली. दुखण्याने माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते आणि हसू मात्र आवरत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. तालुक्यातले सगळे बंधारे माझे झाले असते.

पण साठ वर्षांचा तो माणूस, ज्याने कावडीचा नियम मोडू नये म्हणून कपड्यांसकट नदीत पाऊल टाकलं, तो माझ्यासाठी सगळ्या गावासमोर खोटं बोलत होता. आणि किती सफाईने! मला लाज वाटली. थोडा हेवाही वाटला.

मी म्हणालो, "साहेब, शास्त्र-बिस्त्र काही नाही. खांदा दोन वर्षांपूर्वीच गेलाय. मी तुम्हाला फसवलं."

सरपंचांचा हार हवेतच राहिला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरलेली कावड धाडकन जमिनीवर आपटली होती.

साहेबांनी बंधाऱ्याकडे पाहिलं. कोरड्या पडत चाललेल्या फटीकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं. ती बंद केली, काखेत मारली, आणि इतका वेळ गिळून ठेवलेलं काहीतरी एकदम बाहेर पडावं तसे सगळ्या गावासमोर बोलून गेले,

"अहो, तुमचा एक खांदा गेला तर काय एवढं! माझ्याकडे तालुक्यातले सगळे बंधारे आहेत आणि मला साधं पोहता येत नाही!"